हिटलरचे स्टेटस टाकणाऱ्या पोरांना वाचायला काय देऊ?

चोपड्याचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात एका शाळेत सातवी-आठवीला शिकवतो, विषय मराठी, पण गावाकडच्या शाळेत कसं असतं माहीतच आहे, इतिहासाचे तास पण माझ्याच गळ्यात. तर विषय असा की आठवीच्या काही पोरांचे स्टेटस बघू राहिलो मी मधून मधून, घरच्याच मोबाईलवरून टाकतात, आणि त्याच्यात चक्क हिटलर. वर त्याचा फोटो, खाली मराठीत सिंह-बिंह, एकटा-बिकटा असलं काहीतरी डायलॉगछाप वाक्य, जे त्या माणसाने जन्मात म्हटलेलं नसणार. पोरं वाईट नाहीत हो, खरंच नाहीत. त्यांच्या डोक्यात हिटलर म्हणजे कडक शिस्तीचा माणूस, इंग्रजांना भिडला, बस. एकाला विचारलं की ज्यू लोकांबद्दल काही ऐकलंय का, तर म्हणे सर तो शेजारचा देश होता ना, ज्याच्याशी त्याची लढाई झाली.

आता मी फळ्यावर लिहिलं की ६० लाख ज्यू मारले, त्यातली १५ लाखाच्या आसपास लहान मुलं होती, तर पोरं ते वहीत उतरवून घेतील, खाली पट्टीने रेघ मारतील आणि पुढचा धडा काढतील. मला भाषण नाही द्यायचं. मला त्यांच्याच वयाच्या ज्यू पोरापोरींच्या गोष्टी पाहिजेत, ज्याच्यात शाळा आहे, भांडणं आहेत, सायकल आहे, आणि मग हळूहळू एकेक गोष्ट हातातून जाते.

अडचणी सांगून ठेवतो. पुस्तक शक्यतो मराठीत पाहिजे, इंग्रजी वाचणारे वर्गात दोन-चारच, पण मी वाचून सांगू शकतो. कापूस वेचणीच्या दिवसात हजेरी अर्धी होते, त्यामुळे फार लांबलचक पुस्तक चालणार नाही, सलग कोणी ऐकायलाच नसतं. आणि बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत, गॅस चेंबरची वर्णनं वाचून रात्री दचकून उठतील असं काही नको. शाळेत ॲन फ्रँकची डायरी आहे, दोन मुलींनी नेली आणि थोडी पानं वाचून परत आणून दिली, म्हणे सर नावंच पाठ होत नाहीत.

वाचनवेडी_धुळे

सर आधी 'हॅनाची सूटकेस' घ्या. डोळे झाकून घ्या. मूळ कॅरन लेव्हाइन यांचं आहे, कॅनडातल्या, आणि मराठी माधुरी पुरंदरेंनी केलंय, म्हणजे भाषा वाचताना कुठे अडखळायला होत नाही, तुमच्या वर्गातली सगळ्यात कच्ची वाचणारी मुलगीसुद्धा वाचेल.

मला ते का आवडतं सांगते. गोष्ट सुरू होते जपानमध्ये, टोकियोत, २००० साली. तिथे मुलांसाठी एक छोटं केंद्र आहे, फुमिको इशिओका नावाच्या बाई चालवतात, त्या ऑशविट्झच्या, म्हणजे पोलंडमधल्या नाझींच्या मृत्यूछावणीच्या, म्युझियमला मागणी करतात की मुलांना दाखवायला एखादी खरी वस्तू द्या, आणि तिकडून एक बॅग येते. बॅगेवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलंय, हॅना ब्रॅडी, जन्मतारीख १६ मे १९३१, आणि अनाथ असा शेरा. बॅग रिकामी. जपानी मुलं बाईंच्या मागे लागतात, कोण होती ही, दिसायला कशी होती, जिवंत आहे का. मग एक प्रकरण जपानचं, बाई शोध घेताहेत, पत्रं लिहिताहेत, आणि एक प्रकरण हॅनाचं, चेकोस्लोव्हाकियातल्या नोव्हे मेस्तो गावात आईवडिलांचं दुकान, बर्फावर खेळणं, मोठा भाऊ जॉर्ज. म्हणजे एकदम डिटेक्टिव्ह स्टोरी चालू असते, पोरं पुस्तक खाली ठेवत नाहीत, आणि त्या नादात त्यांना कळत जातं की आधी सिनेमाला बंदी आली, मग शाळा बंद झाली, मग मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, मग १९४१ मध्ये आधी आईला नेलं आणि पुढे वडिलांना. १९४२ च्या मे महिन्यात दोघं भावंडं तेरेझीनच्या छावणीत. आणि १९४४ च्या ऑक्टोबरात हॅनाला ऑशविट्झला पाठवलं, तेरा वर्षांची होती, ती वाचली नाही. हे पुस्तकात येतं, लपवलेलं नाही, पण चवीने सांगितलेलंही नाही, दोन ओळीत सांगून पुढे जातं.

आणि भाऊ वाचला सर! तेरेझीनला तो प्लंबिंगचं काम शिकला होता, पुढे कॅनडात टोरोंटोला त्याच कामाचा स्वतःचा धंदा उभा केला. फुमिकोबाई तेरेझीनला जातात तिथे त्यांना नावांची यादी मिळते, गेलेल्यांच्या नावापुढे खूण केलेली, आणि जॉर्जच्या नावापुढे खूण नाही. हे पान वर्गात मोठ्याने वाचताना थांबा थोडं, मुलांना स्वतःलाच कळू द्या त्याचा अर्थ काय ते.

एक गोष्ट नंतर बाहेर आली, कोणी हुशार पोरगा नेटवर वाचून विचारेल म्हणून सांगते: टोकियोत आलेली बॅग ही हुबेहूब केलेली प्रत होती, मूळ बॅग १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आगीत जळाली होती. हॅना खरी, नाव खरं, भाऊ खरा. उलट मी तर म्हणते हे पण सांगाच मुलांना, इतिहासात वस्तूची खातरजमा कशी करतात ते त्यातून कळतं.

भुसावळ_जंक्शन

वरच्या ताईंना अनुमोदन, पण ॲन फ्रँकला एवढ्यात रिटायर करू नका सर. चूक डायरीची नाही, ती पहिल्या पानापासून वाचायला दिली की असंच होणार, कारण सुरुवातीला वर्गातल्या पोरांपोरींची जंत्रीच आहे, तिला वाढदिवसाला वही मिळाली १२ जून १९४२ ला आणि ती सगळ्यांबद्दल गप्पा मारत सुटते. आपल्या पोरांना त्यात कुठे पकडायचं ते कळत नाही. मंगला निगुडकरांचा मराठी अनुवाद आहे तो चांगला आहे, पण तुम्ही निवडून वाचा.

मी माझ्या पुतण्यांना असं वाचून दाखवलं. आधी ते पान, जिथे ती ज्यूंसाठीचे नियम सांगते. छातीवर पिवळा तारा लावायचा, सायकली जमा करायच्या, ट्रॅममध्ये बसायचं नाही, खरेदी फक्त दुपारी तीन ते पाच, रात्री आठनंतर घराबाहेर दिसायचं नाही, स्वतःच्या बागेत पण नाही, पोहायला नाही, सिनेमा नाही, शाळा वेगळी. नुसती यादी आहे, एक शब्द रडका नाही. त्याच्यानंतर लपायला जातात तो दिवस, ६ जुलै १९४२, पाऊस पडतोय, आणि अंगावर कपड्यांवर कपडे चढवलेत कारण ज्यू माणूस बॅग घेऊन रस्त्याने चालला तर लगेच संशय. मग थेट भांडणांवर उडी मारा, भांडणं भारी आहेत त्याच्यात! आठ माणसं दोन वर्षं एका जागेत कोंडलेली, खाली ऑफिस चालू असेपर्यंत चप्पल वाजवायची नाही, नळ सोडायचा नाही, संडासात पाणी ओतायचं नाही. आणि एका टेबलावरून तिचं त्या दाताच्या डॉक्टरशी वाजतं, तिला लिहायला आठवड्यातून दोन दुपारी टेबल पाहिजे आणि तो म्हणतो तुझं कसलं आलंय काम. माझी पुतणी म्हणे काका हे तर आपल्या घरचंच चालू आहे.

वर्गात एक करून बघा, व्हरांड्यात खडूने खोल्या आखा आणि आठ पोरांना त्याच्यात बसवा, न बोलता, एक तास. (हेडमास्तरांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.)

अजून एक, ही पोरगी निरागस बिरागस म्हणून समोर ठेवू नका. ती लेखिका होती. १९४४ च्या मार्चमध्ये लंडनहून डच रेडिओवर एका मंत्र्याने सांगितलं की लोकांनी डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, युद्धानंतर लागतील, तर दोनेक महिन्यांत तिने आपली डायरी परत लिहायला घेतली, काटछाट करून, छापायच्या हिशोबाने. पंधरा वर्षांची पण नव्हती तेव्हा. ४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले, १९४५ च्या सुरुवातीला ती बर्गन-बेल्झनच्या छावणीत वारली, आठ जणांतले फक्त तिचे वडील परत आले. हे डायरीत नाही, डायरी १ ऑगस्टलाच थांबते, त्यामुळे छावणीचं वर्णन नको ही तुमची अट आपोआप पाळली जाते, पुढचं तुम्ही तुमच्या शब्दात सांगायचं.

बाय द वे, ज्यू म्हणजे दुश्मन देश म्हणणाऱ्या त्या पोराला सांगा की ज्यू लोक मराठी पण बोलतात. आपल्या कोकणात, अलिबागकडे, बेने इस्रायली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेत, तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पुढे बरेच रेल्वेत आणि पोस्टात लागले. माझे आजोबा रेल्वेत होते, त्यांच्या तोंडून मी अशा एका गार्डसाहेबांच्या गोष्टी ऐकल्यात, पुरणपोळीवर माणूस खूश.

रावेरचा_केळीवाला

मास्तर एवढा कुटाणा कशाला, ती पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यातल्या पोराची पिच्चर दाखवा ना प्रोजेक्टरवर. दीड तासात काम. मी बघितली तेव्हा शेवटी घसा दाटून आला होता खरं सांगतो. पोरं ढसाढसा रडतील आणि स्टेटस पण काढतील.

वाचनवेडी_धुळे

दादा राग मानू नका पण ते नको. पोरं रडतील हे खरं, पण कोणासाठी रडतील ते बघा ना. त्या गोष्टीतला हिरो छावणीच्या जर्मन अधिकाऱ्याचा मुलगा, आणि शेवटचं सगळं दुःख त्याच्या आईबापाचं. कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा नुसता बसून असतो, त्याला आवड नाही, राग नाही, घर नाही, त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. सर म्हणताहेत त्यांना ज्यू पोरांचं आयुष्य दाखवायचंय, आणि या गोष्टीत तेच सोडून बाकी सगळं आहे.

दुसरं म्हणजे ते घडू शकत नव्हतं. ऑशविट्झला नऊ वर्षांचं पोर आलं की बहुतेक वेळा त्याच दिवशी गॅसमध्ये पाठवायचे, कारण ते काम करू शकत नाही. रोज दुपारी कुंपणाशी बसून गप्पा मारायला तो उरलाच नसता. कुंपणात करंट, वर पहारा. आणि जर्मन अधिकाऱ्याच्या पोराला ज्यू म्हणजे काय हेच माहीत नाही? तिथे शाळेच्या पुस्तकात ते शिकवत होते, दहा वर्षांचं पोर झालं की नाझींच्या युवक संघटनेत घालणं सक्तीचं होतं. खुद्द ऑशविट्झच्या म्युझियमने २०२० मध्ये जाहीर सांगितलं की ज्याला हा इतिहास शिकायचा-शिकवायचाय त्याने ही पिच्चर ज्यावर काढलीय ते पुस्तक टाळावं.

रावेरचा_केळीवाला

ताई म्युझियमवाले मोठे लोक, पण पिच्चर ताकदीची आहे हे मी म्हणणारच. मला जे दोन शब्द माहीत आहेत ऑशविट्झबद्दल ते त्या पिच्चरमुळेच.

साक्रीकर७७

भाऊ, तुमनं म्हननं माले पटनं, पिच्चर बी एक रस्ता शे. पण मास्तरांना एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. आपल्या पोरांपुढे आपलेच प्रश्न कमी आहेत का? कापसाला भाव नाही, नववीत पोरींची लग्नं लावू राहिले लोक, आणि आपण त्यांना जर्मनी आणि पोलंड वाचून दाखवायचं. ज्याच्यात्याच्या देशाने आपापलं बघावं. शिवाय आता हे काढलं की उद्या कोणीतरी इस्रायल आणि गाझा काढणार आणि वर्गात जुंपणार.

नंदुरबारची_ताई

साक्रीकर दादा, प्रश्न रास्त आहे, पण स्टेटस पोरांनीच टाकलेत ना, जर्मनी तर आधीच त्यांच्या खिशात येऊन बसलाय. आणि गाझाचं कोणी काढलं तर काढू द्या, आज तिथे मरणारं लेकरूही लेकरूच आहे असं मी सरळ सांगते, त्याने हॅनाचं काही कमी होत नाही.

मी आश्रमशाळेवर आहे, माझ्याकडे सगळ्या पावरा आणि भिल्ल मुली. आमच्याकडे भुसावळवाल्या दादांनी सांगितलेलं ते नियमांचं पान मी वाचलं होतं. सायकली जमा करायच्या म्हटल्यावर एकदम शांतता. आमच्या काही मुलींच्या मोठ्या बहिणींना सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकली मिळाल्यात, गावापासून हायस्कूल लांब, सायकल गेली म्हणजे शाळा गेली हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मग एकीने विचारलं मॅडम पाणी भरायला हापशीवर जाऊ द्यायचे का त्यांना. बघा, प्रश्न कुठून येतो.

म्हणून मी जोडीला बाबासाहेबांच्या लहानपणचा तो प्रसंग वाचते, १९०१ सालचा, स्वतः त्यांनीच लिहून ठेवलेला. भावंडं वडिलांना भेटायला निघालेली, अंगावर नवे कपडे, मसूर स्टेशनवर उतरतात, स्टेशनमास्तर जात कळेपर्यंत अगदी प्रेमाने बोलतो, मग कोणी गाडीवाला न्यायला तयार नाही, शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि बैलगाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला बाजूने पायी. रात्रभर डबा सोबत असून पाणी नाही म्हणून उपाशी. नऊ-दहा वर्षांचं पोर होतं ते. मी दोन्ही गोष्टी एकच आहेत असं अजिबात सांगत नाही, नाझींनी तर सरकारी कारखान्यासारखं मारायचं काम चालवलं, तसं दुसरीकडे शोधायला जाऊ नये. पण कायदा किंवा रूढी एका लेकराला कसं बाजूला काढते हे मुलींना दोन्हीकडे दिसतं, आणि मग जर्मनी परका राहत नाही.

पारोळ्याचा_पोस्टमन

कोल्हापूरला पण दुसऱ्या महायुद्धात पोलंडची मुलं ठेवली होती ना, वळिवडेला? ते पण सांगा गुरुजी, आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

भुसावळ_जंक्शन

सांगा जरूर, पण वेगळं करून सांगा. वळिवडेला साधारण ५,००० पोलिश लोक होते, बायका आणि मुलं जास्त, १९४३ पासून. आणि त्याच्या आधी १९४२ ला जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलं ठेवून घेतली. पण ही बहुतेक कॅथलिक कुटुंबं, रशियाने सायबेरियाकडे हद्दपार केलेली, तिथून इराणमार्गे आलेली. ज्यू त्यांच्यात थोडे. एकत्र कालवलं तर पोरांना वाटेल हिटलरच्या छावणीतून सुटून थेट कोल्हापूरला आले.

अमळनेरची_मावशी

उशिरा आले, सगळं वाचलं. मी शाळेतून रिटायर झालेली, त्यामुळे लांबण लावणार, सहन करा.

गुरुजी, तुम्ही पैसे खिशातून घालणार हे मला दिसतंय, म्हणून बिनपैशाचा एक मार्ग सांगते. रवींद्रनाथांचं 'डाकघर' नाटक करा मुलांकडून. त्यातला अमल आजारी मुलगा, वैद्याने बाहेर पडायची बंदी केलेली, खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो, दहीवाला, पहारेकरी, फुलं वेचणारी सुधा, आणि राजाकडून आपल्याला पत्र येईल म्हणून वाट बघतो. तासाभराचं नाटक. तालीम झाली, मुलांना संवाद पाठ झाले, की मग त्यांना सांगा की हेच नाटक १८ जुलै १९४२ ला वॉर्सामध्ये ज्यूंच्या कोंडलेल्या वस्तीत अनाथाश्रमातल्या मुलांनी केलं होतं. बंगाली नाटक, पोलिश भाषेत, चहूबाजूंनी भिंत आणि आत उपासमार. आश्रम चालवणारे यानुश कोर्चाक, मूळचे मुलांचे डॉक्टर. त्यांच्या आश्रमात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं, मोठ्यांवर सुद्धा तिथे खटला भरता यायचा. मुलांनीच लिहायचं असं वर्तमानपत्र त्यांनी १९२६ मध्ये सुरू केलं. छोट्या राजा मॅटची त्यांची कादंबरी पोलंडमध्ये घराघरात वाचलेली. नाटकानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सातून माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत न्यायला सुरुवात झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या मुलांची पाळी आली, जवळपास दोनशे मुलं होती. कोर्चाकना स्वतःला वाचवायची संधी होती, लोकांनी विनवलं, ते मुलांबरोबर गेले.

आमच्या अमळनेरात साने गुरुजी काय होते हे कोणाला सांगायला नको, छात्रालयात मुलांसाठी ते काय काय करायचे हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलो आम्ही. त्यामुळे मला कोर्चाक वाचताना कधी परके वाटले नाहीत. पण त्यांना देव करू नका वर्गात. त्यांच्या मुलांनी शेवटच्या महिन्यात नाटक बसवलं, कपडे शिवले, संवाद विसरले असतील, कोणाला कोणाची भूमिका पाहिजे असेल. ते सांगा.

आणि तुमच्या वर्गातल्या त्या मोबाईलवाल्या पोरांसाठी पेत्र गिन्झ. प्राग शहरातला मुलगा, जन्म १ फेब्रुवारी १९२८, ज्यूल व्हर्नचा वेडा, लहानपणीच कादंबऱ्या लिहायचा, चित्रं काढायचा. चौदाव्या वर्षी त्याला एकट्याला तेरेझीनला नेलं, आणि तिथे मुलांच्या बराकीत याने साप्ताहिक काढलं, 'वेदेम' नावाचं, संपादक हाच. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमून अंक मोठ्याने वाचायचे. छापखाना नाही, एकच प्रत. विनोद, कविता, छावणीत फिरून घेतलेल्या मुलाखती, लेख मिळेना तर हा स्वतःच टोपणनावांनी लिहून काढायचा. सगळी मिळून ८०० च्या आसपास पानं एका मुलाने लपवून ठेवली म्हणून आज शिल्लक आहेत. पेत्र सोळा वर्षांचा असताना ऑशविट्झला गेला तो गेलाच.

त्याने एक चित्र काढलं होतं, चंद्रावर उभं राहून पृथ्वी कशी दिसेल त्याचं. माणूस चंद्रावर जायच्या पंचवीस एक वर्षं आधी, बंदिवासात बसून. इस्रायलचा पहिला अंतराळवीर इलान रामोन २००३ मध्ये त्या चित्राची प्रत बरोबर घेऊन गेला. कोणत्या यानातून? कोलंबिया. आपली कल्पना चावला ज्याच्यात होती तेच. यान १ फेब्रुवारीला कोसळलं, त्या दिवशी पेत्रचा पंचाहत्तरावा वाढदिवस असता. त्या बातमीमुळे हे चित्र जगभर दिसलं आणि प्रागमध्ये एकाकडे पडून असलेल्या जुन्या वह्यांमध्ये पेत्रची डायरी आहे हे लक्षात आलं, मग त्याच्या बहिणीने ती छापली. इंग्रजीत आहे, तुम्ही वाचून सांगू शकाल. कल्पना चावलाचा धडा-निबंध प्रत्येक पोराने कधी ना कधी पाठ केलेला असतो, तिथून सुरुवात करा.

चोपड्याचे_गुरुजी

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट देतो.

हॅनाची सूटकेस मागवली, आनंददायी शनिवारला थोडं थोडं वाचू राहिलो. वर्ग गप्प बसतो म्हणजे काय ते कित्येक दिवसांनी बघितलं. स्टेटसचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही, काढणार पण नाही. पण परवा एका मुलीने विचारलं, सर हॅनाच्या गावातले बाकीचे लोक काय करत होते, शेजारीपाजारी, दुकानात येणारे गिऱ्हाईक, त्यांनी काहीच नाही केलं का? मला नीट उत्तर देता आलं नाही. काही वाचायला आहे का याच्यावर?

वाचनवेडी_धुळे

हा प्रश्न आला म्हणजे पुस्तक पोचलं सर.

लोइस लाउरींची एक छोटी कादंबरी आहे, 'नंबर द स्टार्स', १९८९ ची, अमेरिकेतला न्यूबेरी पुरस्कार मिळालेली. इंग्रजी सोपं आहे, तुम्ही दोन शनिवारात सांगून टाकाल. डेन्मार्कमधल्या दोन मैत्रिणी, दहा वर्षांच्या, ॲनमरी आणि एलन. एलन ज्यू. जर्मन शिपाई रात्री झडतीला येतात तेव्हा ॲनमरीचे आईवडील एलनला आपली मोठी मुलगी म्हणून दाखवतात. गोष्ट रचलेली पण पार्श्वभूमी पक्की खरी. १९४३ च्या ऑक्टोबरात नाझी डेन्मार्कच्या ज्यूंना उचलणार ही बातमी आधी फुटली, आणि लोकांनी ७,००० हून जास्त माणसं घरात, दवाखान्यात, चर्चमध्ये लपवून कोळ्यांच्या होड्यांतून समुद्रापलीकडे स्वीडनला पोचवली. होडीत लपलेली माणसं कुत्र्यांनी हुंगून काढू नयेत म्हणून सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेला रुमाल वापरायचे, कुत्र्याला आधी रक्ताचा वास ओढून घेतो आणि मग त्याचं नाकच काम करेनासं होतं. हा रुमाल खरोखर वापरलेला आहे. आठवीच्या पोरांना हा भाग सांगा आणि बघा.

पण फक्त डेन्मार्क सांगून थांबू नका, नाहीतर पोरांना वाटेल सगळीकडे असंच झालं. ॲनच्या हॉलंडमध्ये लपवणारे होते, मीप गीस आणि तिचे सहकारी होते, तरी तिथल्या जवळपास १,४०,००० ज्यूंपैकी १ लाखावर मारले गेले. हॅनाच्या बाबतीत आईवडील गेल्यावर काकांनी, जे स्वतः ज्यू नव्हते, दोन्ही मुलांना घरी नेऊन ठेवलं होतं, ते तुमच्या पुस्तकातच येतं. बाकी गाव बघत होतं. त्या मुलीला हेच उत्तर द्या, गोड करून नको.

पाचवी-सहावीवाले पण ऐकायला बसत असतील तर त्यांच्यासाठी ज्युडिथ करचं पुस्तक, 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट'. बर्लिनची मुलगी, १९३३ ला नऊ वर्षांची असताना देश सोडावा लागला, वडील नाटकांवर लिहायचे आणि नाझींवर उघड टीका करायचे, त्यांची पुस्तकं जाळली. पळताना एकच खेळणं घ्यायचं, ती नवं लोकरी कुत्रं घेते आणि गुलाबी ससा मागे राहतो, आणि मग तिला वाटत राहतं की आता हिटलर माझ्या सशाशी खेळत असेल. छावणी नाही, मरण जवळजवळ नाही, उलट पॅरिसमध्ये फ्रेंच शिकताना होणारी फजिती वगैरे हसवते. लहानांना तेवढंच पुरे.

नंदुरबारची_ताई

आणि सर चित्रकथा म्हणून कोणी 'माउस' सुचवेल, ज्याच्यात ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं आहेत. पुस्तक मोठं आहे, पुलित्झर मिळालेलं, पण ते दहावीच्या पुढे. चित्रं आहेत म्हणून लहान मुलांच्या हातात देऊ नका.

रावेरचा_केळीवाला

गुरुजी, हॅनाच्या अजून चार प्रती माझ्याकडून लावा. रावेर बाजूच्या एका शाळेत पण द्यायच्या आहेत, तिथे माझा भाचा आहे, त्याच्याच स्टेटसला परवा तो मिशीवाला बघितला. पत्ता मेसेज करतो.

चोपड्याचे_गुरुजी

भाऊ धन्यवाद, हिशोब बाजूला लिहून ठेवतो.

मावशी, तुमचं डाकघर मुलांना इतकं आवडलं की नुसती गोष्ट सांगितली तर लगेच भूमिका वाटायला बसले. वॉर्साचं अजून सांगितलेलं नाही, तुम्ही म्हणालात तसं तालीम झाल्यावर सांगेन. पण अडचण अशी की अमल व्हायला कोणी तयार नाही, आजारी पडून बसायचं म्हणून, आणि दहीवाला व्हायला नऊ जण, त्यात हाणामारी. आणि मराठी संहिता कुठे मिळेल? माझ्याकडे हिंदी आहे फक्त.

अमळनेरची_मावशी

दहीवाले तीन करा, एकामागे एक जाऊ द्या रस्त्याने, रवींद्रनाथ काही म्हणायचे नाहीत. अमल एखाद्या मुलीला द्या. संहितेचं मी उद्या आमच्या साने गुरुजी वाचनालयात विचारते, नाही मिळाली तर जळगावच्या जिल्हा वाचनालयात माझी भाची जाते दर आठवड्याला, तिला सांगते. तोवर हिंदीवरून तुम्हीच मराठी करायला घ्या, आणि दहीवाल्याचे संवाद अहिराणीत केले तरी चालतील.